माळावर झाडं नकोत हे लोकांना कसं समजवायचं? जमीन ट्रस्टचं काम करणाऱ्यांसाठी धागा

पायवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच शेवटी. आमचा एक छोटासा ट्रस्ट आहे. पगारी माणूस एकही नाही, सगळे आपापली नोकरी, घर सांभाळून सुट्टीच्या दिवशी येणारे. काही वर्षांपूर्वी थोडे थोडे पैसे सगळ्यांनी काढले आणि एका आजींनी त्यांच्या वाटणीचा तुकडा दिला, असं करत एक माळ ट्रस्टच्या नावावर झाला. उघडा माळ, मधून एक ओघळ जातो, ओघळाच्या कडेला थोडी जुनी झाडं आणि एका अंगाला घाणेरीचं, म्हणजे त्या परक्या झुडपाचं, दाट रान. काम काय तर तिथे मुळात जे गवत होतं, जी फुलं, किडे, पक्षी होते त्यांना परत जागा करून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं.

आता अडचण सांगते. एक मोठी देणगी येऊ घातलीये. अट एकच, माळावर दोन हजार झाडं लावायची, तीन वर्षं जगवायची, फोटो पाठवायचे. पैसे एवढे की अवजारं, पाण्याची टाकी, कागदपत्रांचा खर्च, सगळं एका फटक्यात सुटेल. आमच्यातले निम्मे म्हणतात घेऊन टाका, एवढी जागा मोकळीच तर पडलीये. मी मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं की इथे झाडं नकोत, तर एकदम शांतता झाली आणि एक जण म्हणाले, झाडं नको म्हणणारा निसर्गप्रेमी मी पहिल्यांदाच बघतोय. मला त्या क्षणी उत्तर सुचलंच नाही. घरी येईपर्यंत दहा उत्तरं सुचली पण ती काय कामाची.

माळ मोकळा नाहीये हो. मला ते दिसतं कारण मी आठ वर्षं तिथे वाकून बसलेय. ज्यांनी तो फक्त रस्त्यावरून बघितलाय त्यांना कसं दाखवायचं? ज्यांनी अशी कामं केलीयेत त्यांनी जरूर लिहा. फक्त झाडांचंच नाही, पैसे, कागद, माणसं टिकवणं, तण काढणं, जे काय हाताला लागलंय ते सगळं.

तुषार०७

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण मला खरंच कळलं नाही म्हणून विचारतो. झाडं लावणं वाईट कसं काय असू शकतं? सावली मिळेल, पक्षी येतील, कार्बन शोषला जाईल. गवत काय, ते तर झाडांखालीही येईलच की. वाद घालायचा नाहीये, कळून घ्यायचंय.

निरीक्षक

तुषार, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला शाळेपासून असं शिकवलं गेलंय की उघडी जमीन म्हणजे तुटलेलं जंगल, कोणीतरी झाडं तोडली आणि मागे गवत उरलं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण पृथ्वीवरचे कितीतरी गवताळ प्रदेश फार फार जुने आहेत, तिथे जंगल कधी नव्हतंच. तिथल्या वनस्पती उन्हात वाढणाऱ्या, आग, चरणं, दुष्काळ सोसून परत उठणाऱ्या. त्यांचा अर्ध्याहून जास्त संसार जमिनीखाली असतो, कंद, गड्डे, खोल मुळं. कार्बनचं म्हणशील तर गवताळ जमिनीत तो बहुतेक मुळांत आणि मातीतच साठलेला असतो, वरून दिसत नाही म्हणून मोजला जात नाही एवढंच. आणि झाडांखाली गवत येतंच असं म्हणालास, गवत येतं पण ते गवत येत नाही. सावली पडली की ऊन लागणाऱ्या जाती आधी फुलायच्या थांबतात, मग जातात.

जोसेफ वेल्डमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर स्पष्ट लिहिलं होतं, की गवताळ प्रदेशात झाडं लावणं हे जैवविविधतेच्या मुळावर येतं. पुढे २०२० मध्ये आशिष नेर्लेकर आणि वेल्डमन यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून दाखवलं की एकदा मोडलेल्या जुन्या गवताळ जमिनीवर वनस्पतींची पहिली विविधता परत यायला निदान शंभर वर्षं लागतात, आणि बऱ्याचदा हजारो. हे वाचलं तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. आपण तीन वर्षं जगवायची अट घालतो आणि खड्डे घेताना जे उखडतो त्याला हजार वर्षं लागलेली असतात.

अजून एक गोष्ट, ही ट्रस्टवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टने १८९९ साली विकन फेन नावाच्या दलदलीतला दोन एकरांचा पट्टा १० पौंडांना घेतला, तो त्यांचा पहिला निसर्ग राखीव. तिथला लव्हाळा लोक शेकडो वर्षं कापत आले होते, छपरासाठी, चूल पेटवायला. मागणी संपली, कापणी थांबली, आणि नुसतं राखलं म्हणून काही दशकांत त्या दलदलीवर झुडपांचं रान माजलं. जे वाचवायला जागा घेतली तेच गुदमरायला लागलं. हॅरी गॉडविन यांनी तिथे १९२७ पासून वेगवेगळे तुकडे पाडून कुठे दरवर्षी, कुठे दोन, तीन, चार वर्षांनी कापणी केली आणि एक तुकडा तसाच सोडला. न कापलेला तुकडा झुडपांनी गिळला, आणि कापलेल्यांत किती वर्षांनी कापता त्यावर तिथे काय उगवणार ते ठरत गेलं. नंतर ट्रस्टला मोठ्या कष्टाने झुडपं तोडून दलदल परत मोकळी करावी लागली. म्हणून म्हणतो, राखणं म्हणजे हात बांधून बसणं नाही, आणि झाड आलं म्हणजे सुधारलं असंही नाही.

तुषार०७

काका, हे माहीतच नव्हतं. परत वाचतो निवांत.

पायवाट

निरीक्षक काका, खूप खूप धन्यवाद. मीटिंगमध्ये तुम्ही हवे होतात.

तुम्ही खालच्या संसाराचं लिहिलंत त्यावरून एक आठवलं. आमच्याकडे कुसळी गवत भरपूर आहे, तेच ते मोज्यांत घुसणारं. नवीन येणारा प्रत्येक जण आधी त्याला शिव्या घालतो. परवा एका मुलीने वैतागून एक कुसळ मोज्यातून ओढून काढलं, मी म्हटलं फेकू नकोस, तळहातावर ठेव. बाटलीतून पाण्याचा एक थेंब सोडला त्यावर. काळी पिळलेली शेपटी असते ना, ती हळूहळू उलगडायला लागली, अख्खं बी हातावर गोल फिरायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं. ओल आली की उलगडतं, वाळलं की परत पिळ बसतो, आणि असं करत करत टोकदार बी स्वतःला मातीत पेरून घेतं. ना कुदळ, ना माळी. ती मुलगी पाच मिनिटं हात हलवत नव्हती. त्या दिवसापासून एकही रविवार चुकलेली नाही.

हेच गवत हवाईत 'पिली' म्हणून ओळखतात, पूर्वी तिथे घरं शाकारायला वापरायचे, आणि काहोओलावे नावाच्या उजाड झालेल्या बेटावर त्याच्या बियांसकट गासड्या पसरून माती धरून ठेवायचं काम लोकांनी केलंय. ऑस्ट्रेलियातही आहेच. एवढ्या दूरच्या लोकांच्या मोज्यांत तेच कुसळ जातं हे मला फार जवळचं वाटतं.

अनघा_प

पायवाट, तुझं म्हणणं शंभर टक्के पटतं पण एक सावधगिरीचा सल्ला देते. बरोबर असणं पुरत नाही. शिकागोचं उदाहरण बघ. तिथे १९७७ पासून नॉर्थ ब्रँच नावाच्या भागात स्वयंसेवकांनी प्रेअरी, म्हणजे तिथला मूळचा गवताळ माळ, परत आणायचं काम सुरू केलं, स्टीव्ह पॅकार्ड हे त्यातलं मुख्य नाव. काय मेहनत केली त्या लोकांनी! रेल्वे लायनीच्या कडेला, दफनभूमीच्या कोपऱ्यांत उरलेल्या फुलांच्या बिया वेचून आणल्या, हाताने पेरल्या, परकी झुडपं काढली, ठरवून आग लावली. वर्षानुवर्षं. आणि मग १९९६ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी रान उठवलं, आमची झाडं का तोडता, औषध का फवारता, धूर का करता, आम्हाला कोणी विचारलं. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीने सगळं काम थांबवायचा हुकूम काढला. काही ठिकाणी ती बंदी बरीच वर्षं चालली.

त्या रहिवाशांना मी दोष देऊ शकत नाही. रोज सकाळी ज्या झाडाखालून फिरायला जाता ते एक दिवस बुंध्यापासून गायब असेल आणि कोणी सांगितलेलं नसेल तर कोणालाही राग येईल. तेव्हा देणगीदाराला नाही म्हणायच्या आधी शेजाऱ्यांना, गुराख्यांना, रोज माळावर येणाऱ्या मंडळींना घेऊन फिरा. लेक्चर नको, नुसतं फिरा. आणि एखादं परकं झाड काढायचं असेल तर महिनाभर आधी तिथे पाटी लावा, का काढतोय ते दोन ओळीत, खाली फोन नंबर.

डोंगरदरी

अनघा ताईंना +१. पण मला दुसरी बाजूही लिहावीशी वाटते, कारण हा धागा वाचून कोणी असं समजायला नको की झाडं लावणं कधीच बरोबर नसतं. स्कॉटलंडमध्ये कॅरिफ्रॅन नावाची एक दरी आहे, साधारण साडेसहाशे हेक्टर, मेंढ्यांनी चरून चरून टक्कल केलेली. काही स्थानिक लोकांनी नव्वदच्या दशकात ठरवलं की ही दरी विकत घ्यायची आणि मूळचं जंगल परत आणायचं. सामान्य माणसांनी वर्गणी दिली, आणि १ जानेवारी २००० ला दरी बॉर्डर्स फॉरेस्ट ट्रस्टच्या ताब्यात आली. पण त्यांनी आधी काय केलं? तिथे वरच्या दलदलीत सहा हजार वर्षांपूर्वीचं एक लाकडी धनुष्य सापडलं होतं, त्याच दलदलीतल्या पीटचे, म्हणजे अर्धवट कुजून साठलेल्या पालापाचोळ्याचे, थर काढून त्यातले परागकण तपासले गेले. कुठल्या काळी कुठली झाडं होती ते त्या परागकणांनी सांगितलं, आणि त्या यादीवरून रोपं ठरली. बियाही जवळपासच्या उरल्यासुरल्या रानातून. पाच लाखांहून जास्त झाडं लावलीयेत आजवर.

म्हणजे ह्या जागेत मुळात काय होतं हा प्रश्न त्यांनी आधी विचारला, रोपं नंतर आणली. देणगीदाराला हाच प्रश्न विचारा. झाडं का, आणि हीच का, आणि इथेच का. पायवाट, तुमच्या ओघळाच्या कडेला जुनी झाडं आहेत म्हणालात, तिथे कदाचित थोडी झाडं योग्यही असतील. बघा.

शमा

मी घाणेरीवर बोलते कारण आयुष्याचे सगळे रविवार तिच्यातच गेलेत 🙂

पायवाट, आधी मला सांग, तुम्ही घाणेरी वरून कापता का? कापत असाल तर आजच थांबा. वरून कापली की बुंध्यातून दुप्पट कोंब येतात, ब्रश कटरवाल्यांनी आमच्याकडे दोन वर्षं हेच केलं आणि रान आधीपेक्षा दाट झालं. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांच्या गटाने कॉर्बेटमध्ये एक पद्धत बसवली, ती आम्ही वापरतो. बुंध्याभोवतीची माती थोडी बाजूला करायची, लांब दांड्याच्या कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली चारेक सेंटिमीटरवर तोडायचं. नवे कोंब फुटतात ती जागा मूळ आणि खोड जोडतात तिथे असते, त्याच्या खाली घाव बसला पाहिजे. मग अख्खं झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे. जमिनीला टेकलं नाही की परत रुजत नाही, वाळून जातं. माती फारशी उकरली जात नाही हा मोठा फायदा. पहिला घाव चुकतोच, दहाव्या झुडपापर्यंत हाताला बरोब्बर कळतं, मूळ तुटताना एक बारीक कट्ट असा आवाज येतो, नुसती साल सोलली गेली तर तो येत नाही.

आणि एवढ्यावर संपत नाही!! बुलबुल वगैरे पक्षी ती काळी फळं खाऊन जवळच्या झाडावर बसतात, त्यामुळे अशा प्रत्येक झाडाखाली पुढच्या पावसात शेकडो रोपं उगवतात. ती बोटाने उपटता येतात तेव्हाच उपटायची. आम्ही काढलेल्या जागेवर निदान दोन-तीन पावसाळे परत परत जातो. जिथे परत जायला माणसं नाहीत तिथे काढूच नका, मोकळी झालेली माती लगेच गाजरगवत धरतं.

सुरुवात कुठून करायची हे मी सिडनीच्या ब्रॅडली बहिणींकडून शिकले. जोन आणि आयलीन ब्रॅडली, साठच्या दशकात रोज फिरायला जाता जाता त्या तण काढायच्या, हाताने आणि छोट्या अवजारांनी. त्यांच्या लक्षात आलं की सगळे लोक तणाचं सगळ्यात वाईट रान बघून त्यावर तुटून पडतात आणि हरतात. त्यांनी उलटं केलं. जिथे मूळ वनस्पती सगळ्यात चांगल्या टिकल्यात तिथून सुरू करायचं, तिथलं एकटदुकट तण काढायचं, आणि तिथून बाहेर बाहेर सरकत जायचं. माती हलवायची नाही, वरचा पालापाचोळा परत पसरायचा. आणि सगळ्यात अवघड नियम, मूळची झाडं जेवढ्या वेगाने जागा भरतील त्याच्या पुढे जायचं नाही. हा शेवटचा नियम नवीन माणसाला पाळणं फार जड जातं, त्याला दिवसाच्या शेवटी ढीग बघायचा असतो. मलाही जड गेलं होतं.

हिशेब_ठेवणारा

सगळे रोपं-गवताबद्दल लिहितायत, मी रुक्ष विषय घेतो. पण हा चुकला तर बाकी सगळं पाण्यात.

जमीन ट्रस्ट म्हणजे नक्की काय वाचवतो? आजची हिरवळ नाही, तर पन्नास वर्षांनी ट्रस्टी बदलले, पैशाची चणचण आली, कोणी मोठी ऑफर दिली तरी ती जमीन विकता येऊ नये हे. नॅशनल ट्रस्टला १९०७ च्या कायद्याने जमीन अहस्तांतरणीय जाहीर करायचा अधिकार मिळाला, म्हणजे एकदा तसं जाहीर केलं की ट्रस्टलासुद्धा स्वतःच्या मर्जीने ती विकता येत नाही. त्याही आधी, १८९१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स एलियट यांच्या पुढाकाराने ट्रस्टीज नावाची संस्था झाली, सुंदर जागा लोकांसाठी कायमच्या राखायला. पुढे तिकडे कॉन्झर्व्हेशन इझमेंट नावाची सोय आली. जमीन मालकाचीच राहते पण तो कराराने बांधकामाचे वगैरे हक्क कायमचे सोडतो, आणि ट्रस्टने दरवर्षी जाऊन बघायचं की करार पाळला जातोय का. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, तेव्हा आपल्याकडे काय चालतं ते जमिनीच्या कामातल्या वकिलाकडून लिहून घ्यावं, तोंडी नको.

पायवाट, दोन गोष्टी विचारतो. एक, ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापन केल्याच्या दस्तात, उद्देश काय लिहिलाय? मूळ अधिवास राखणे असा शब्द असेल तर दोन हजार झाडं हा उद्देशभंग आहे आणि तुम्हाला मीटिंगमध्ये भावनेने बोलायची गरजच नाही, ते पान वाचून दाखवा. दोन, जमीन मिळाली तेव्हा तिथे काय काय होतं याची नोंद, फोटो, नकाशा, जातींची यादी, सही-तारखेसकट फाइल केलीये का? नसेल तर या वर्षी तीच करा. जी जमीन आधी कशी होती हेच कागदावर नाही ती सुधारली का बिघडली हे कोण सिद्ध करणार.

आणि पैसे. जमीन एकदाच घ्यावी लागते पण सांभाळावी कायम लागते. तेव्हा कुठलीही देणगी घेताना त्यातला काही हिस्सा सांभाळीच्या फंडात टाकायची अट आपण घालायची. अट घालायचा हक्क फक्त देणाऱ्याला नसतो.

मीनल_क

हिशेब ठेवणाऱ्या दादांचं नोंदींबद्दल वाचलं आणि पोटात गलबललं, कारण आमच्याकडे जे झालं ते नोंद नव्हती म्हणूनच झालं.

आमच्या जागेवर एका उतारावर कंदील फुलाच्या वेली होत्या, मोजून अकरा. आमच्या गटातल्या एका काकूंना त्या सापडलेल्या, त्यांनी आजूबाजूच्या झुडपांना पिवळ्या रिबिनी बांधलेल्या. रिबीन म्हणजे इथे हात लावू नका. हे आम्हा जुन्या पाच-सहा जणांना माहीत. मग काकू आजारी पडल्या, आमच्यातले दोघं बदली होऊन गेले, आणि एका रविवारी नवीन मंडळींचा मोठा गट आला, उत्साही, चांगली मुलं सगळी. त्यांना वाटलं रिबीन बांधलेली झुडपं म्हणजे काढायची झुडपं. का नाही वाटणार, बऱ्याच ठिकाणी तशीच खूण असते. दुपारी मी पोचले तर उतार स्वच्छ झालेला, आणि एक मुलगा सगळ्या रिबिनी नीट गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाला, ताई, ह्या परत वापरता येतील.

मी त्याला काही बोलले नाही. त्याची चूक नव्हतीच. घरी जाऊन रडले मात्र. काकूंना सांगायला आठवडा लागला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की कंद खाली असेल, थांबा. पुढच्या पावसात चार वेली आल्या. अकराच्या चार.

आता आमच्याकडे एक जाड वही आहे, कुठल्या रंगाची काय खूण ते पहिल्या पानावर, आणि कामाच्या दिवशी सुरुवातीला ते पान मोठ्याने वाचल्याशिवाय कोणाच्या हातात अवजार देत नाही. ठरावीक चार खांबांवरून दर महिन्याला त्याच दिशेने फोटो काढतो. एका माणसाच्या डोक्यात जे असतं ते त्या माणसाबरोबर जातं, ट्रस्टचं असं होता कामा नये.

निरीक्षक

मीनल, कंद खाली असेल हे त्या बाईंनी म्हटलं ते फार मोलाचं आहे. जमिनीवर भरवसा ठेवायला शिकावं लागतं. विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये बियांच्या २० बाटल्या पुरून ठेवल्या, ठरावीक वर्षांनी एकेक काढून बघायची. सोळावी बाटली २०२१ मध्ये काढली. १४२ वर्षांनी त्यातल्या काही बिया उगवल्या! पुढची २०४० ला काढणार आहेत. बघा, ज्याने पुरल्या तो कधीच गेला, पण दर पिढीत कोणीतरी ती जागा लक्षात ठेवलीये.

अर्थात सगळ्या बिया अशा नसतात. जुन्या गवताळ जमिनीतल्या कितीतरी जाती बियांवर विसंबून नसतात, मुळं-कंदांवर जगतात. म्हणून तर खड्डे घ्यायला मी एवढा विरोध करतो.

बीजवेचे

बियांचा विषय निघालाच तर आमचा अनुभव. पाच मुद्दे लिहिणार होतो पण खरं तर दोनच महत्त्वाचे आहेत. पहिला, एका दिवशी जेवढं पिकलेलं बी दिसतंय त्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त घ्यायचं नाही, उरलेलं त्या जागेचं आहे, किड्यामुंग्यांचं आहे. आणि एकाच दणदणीत ठोंबाचं ओरबाडायचं नाही, जमेल तितक्या जास्त रोपांचं थोडं थोडं घ्यायचं, उंच, बुटकी, उतारावरची, सपाटीवरची, सगळी. दुसरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बी कधीही ठेवू नका, घाम धरतं आणि कुजतं. कागदी पाकीट किंवा जुनी सुती उशीची खोळ. वर जागा, तारीख, कोणी वेचलं ते लिहा. पाकिटावर नुसतं 'गवत, पांढरं' असं लिहिलेलं असेल तर ते कितीही चांगलं बी असो, पुढच्या वर्षी निरुपयोगी.

विकतची मिश्रणं तर नकोच. कुठल्या मुलखातलं बी आहे कळत नाही, आणि त्यातून नवीन तण येतं ते वेगळंच.

रानपाखरू

कुंपणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू फुलपाखराची गोष्ट सगळ्या ट्रस्टींनी ऐकावी. ते कमी होत होतं तेव्हा लोकांना वाटलं फुलपाखरं गोळा करणारे कारणीभूत आहेत, म्हणून एका जागेला कुंपण घातलं. फुलपाखरं गोळा करणारे थांबले आणि चरणारी जनावरंही थांबली. गवत वाढलं. १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नाहीसंच झालं. जेरेमी थॉमस यांनी वर्षानुवर्षं उतारांवर पडून राहून शोधलं की त्याची अळी एका ठरावीक लाल मुंगीच्या वारुळात वाढते, मिर्मिका साबुलेटी तिचं नाव, आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन लागते, म्हणजे गवत अगदी आखूड चरलेलं हवं. दोन-तीन सेंटिमीटर गवत वाढलं की जमीन गार, मुंगी गेली, फुलपाखरू गेलं. मग उतारांवर परत जनावरं सोडली, ऐंशीच्या दशकात स्वीडनमधून फुलपाखरं आणली आणि आज ती परत उडतायत.

पायवाट ताई, तुमच्या माळावर पूर्वी गुरं यायची का? येत असतील तर ती पूर्ण बंद करण्याआधी दहादा विचार करा. किती, कधी, कुठल्या भागात हे गुराख्यांशी बसून ठरवा. त्यांना त्या माळाची जेवढी माहिती असते तेवढी आपल्याला दहा वर्षांत होत नाही.

तुषार०७

मंडळी, सगळं वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं माझं मत मी मागे घेतो. शिवाय एक विनंती, पायवाट ताई, मला एखाद्या रविवारी यायला आवडेल. काहीही काम द्या.

पायवाट (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, उशिराबद्दल सॉरी.

डीड काढून वाचलं. 'स्थानिक मूळ वनस्पती व प्राणी यांच्या अधिवासाचे जतन व पुनर्स्थापना' असं स्वच्छ लिहिलंय. मीटिंगमध्ये मी तेवढंच वाचलं आणि मग सगळ्यांना म्हटलं, अर्धा तास द्या, माळावर चला. देणगीवाल्या संस्थेचे एक गृहस्थही आले. मी काही समजावून सांगितलं नाही. चार बांबूच्या काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली होती, ती गवतावर टाकली आणि म्हटलं, ह्यात किती वेगवेगळ्या वनस्पती आहेत मोजूया. ते म्हणाले तीन-चार असतील. गुडघ्यावर बसले. मग त्यांनीच पानं बोटाने बाजूला करायला सुरुवात केली. एक बारीक निळं फूल, एक जमिनीला चिकटून पसरलेली वेल, दोन प्रकारचे शेंगवाले, गवतंच पाच निघाली. एकोणीसवर आम्ही थांबलो कारण अंधार पडला, आणि ते अजून बसलेलेच होते. मीटिंगमध्ये मला ते वाक्य बोललेले सदस्य दुसऱ्या बाजूने टॉर्च धरून उभे होते.

दोन हजार झाडांचा प्रस्ताव मागे पडलाय. नवीन प्रस्ताव असा की पैशातून घाणेरी काढायचं तीन वर्षांचं काम, नोंदींची फाइल, आणि एक हिस्सा सांभाळीच्या फंडात. ओघळाच्या कडेला मात्र चाळीसेक झाडं लावायची, डोंगरदरी यांनी सुचवलं तसं, तिथल्याच जुन्या झाडांच्या बियांपासून. संस्थेकडून अजून होकार आलेला नाही, त्यांच्याकडे फोटोत दाखवायला झाडंच लागतात असं ते गृहस्थ प्रांजळपणे म्हणाले. वाट बघतोय. नाही मिळाले तर हळू करू, पण करू.

गुराख्यांशी पहिली बैठक झाली. पश्चिमेच्या भागात पाऊस संपेपर्यंत ते गुरं नेणार नाहीत, नंतर चारणार. त्यांच्यातल्या एका आजोबांनी आम्हाला माहीतच नसलेला एक झरा दाखवला.

मीनल, वही आणली. पहिलं पान तुझ्यासारखंच लिहिलंय. तुषार, रविवारी सकाळी सात वाजता ये, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जुने मोजे घाल. शमा, ती लांब दांड्याची कुदळ तुम्ही कशी बनवून घेतलीत, पात्याची रुंदी किती, ते जरा लिही ना. आमच्या कुदळी फार रुंद आहेत, मूळ तुटायच्या आधी सगळी माती वर येते.

शमा

पातं चार बोटं रुंद, त्याहून जास्त नको, आणि धार एकाच बाजूने. दांडा छातीपर्यंत. रविवारी फोटो टाकते.